क्यूएचवाय १७४एम-जीपीएस: ताऱ्यांच्या पिधानाची वेळ पकडणारा कॅमेरा

नेपच्यूनपलीकडची एखादी बर्फाळ वस्तू ताऱ्यासमोरून सरकते, तेव्हा तिची सावली पृथ्वीवरून सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने धावत जाते. यालाच पिधान म्हणतात. दुर्बिणीतून दिसतं ते इतकंच, की तारा अचानक विझतो आणि काही सेकंदांनी पुन्हा उजळतो. तो कधी विझला आणि कधी उजळला, या दोन वेळांवर सगळं निरीक्षण उभं असतं. घड्याळ अर्ध्या सेकंदाने चुकलं, तर वस्तूच्या बिंबावरची तुमची जीवा, म्हणजे तारा ज्या रेषेत बिंबामागून गेला ती रेषा, दहा-बारा किलोमीटर सरकते आणि पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या निरीक्षकाच्या जीवेशी तिचा मेळ बसत नाही. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून कितीही नीट जुळवलं, तरी चित्र कॅमेऱ्यातून यूएसबीवाटे लॅपटॉपमध्ये पोचेपर्यंत लागणारा वेळ मोजायला कुणीच नसतं. क्यूएचवाय या कंपनीचा १७४एम-जीपीएस हा कॅमेरा नेमका इथे कामाला येतो. एक्स्पोजर कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे तो कॅमेऱ्याच्या आतच, उपग्रहांच्या वेळेशी ताडून नोंदवतो.

निवाडा आधीच सांगून टाकतो. वर्षातून पाच-दहा पिधानं गंभीरपणे टिपायची असतील, तर हौशी निरीक्षकाच्या आवाक्यातला हा सर्वांत भरवशाचा कॅमेरा आहे. मुख्यतः गुरू-शनीची चित्रं काढायची असतील, तर हाच सोनीचा सेन्सर जीपीएसशिवाय कमी किमतीत मिळतो, तो घ्यावा. जीपीएससाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि पुढचं वेळेचं कॅलिब्रेशन टाळायचं, हा व्यवहार मात्र आतबट्ट्याचा.

या कॅमेऱ्याची सर्वांत मोठी परीक्षा अर्जेंटिनात झाली. १७ जुलै २०१७ रोजी नासाच्या न्यू होरायझन्स यानाच्या चमूने पॅटागोनियात १६ इंची डॉब्सोनियन दुर्बिणींची रांग लावली होती आणि प्रत्येकीवर हाच कॅमेरा होता. लक्ष्य होतं आज अ‍ॅरोकॉथ या नावाने ओळखली जाणारी, जेमतेम पस्तीस किलोमीटर लांबीची वस्तू. दोन डझन दुर्बिणींपैकी पाचांना तारा विझलेला दिसला. त्या पाच जीवांवरून ही वस्तू लांबट, बहुधा दोन गोळे जोडलेली असावी, असा अंदाज बांधला गेला. १ जानेवारी २०१९ रोजी यान जवळून गेलं तेव्हा तो खरा ठरला. एवढ्या लहान वस्तूचा आकार पाच जीवांवरून काढायचा, तर पाचही घड्याळं एकच वेळ सांगणारी हवीत.

आता यंत्राकडे वळू. सेन्सर सोनीचा आयएमएक्स १७४, मोनोक्रोम, १९२० बाय १२०० पिक्सेलचा. एकेक पिक्सेल ५.८६ मायक्रॉनचा, म्हणजे चिप सुमारे ११.३ बाय ७ मिलिमीटरची. ८ इंची एफ/५ न्यूटोनियनवर, म्हणजे १००० मिलिमीटर नाभीय अंतराला, एक पिक्सेल १.२ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, कला म्हणजे ६० वा) पडतो आणि आकाशाचा सुमारे ३९ बाय २४ कलांचा तुकडा दिसतो. पिधानासाठी हे माप उत्तम आहे. तारा तीन-चार पिक्सेलवर पसरतो आणि तुलनेसाठी दोन-तीन तारे सहज चौकटीत येतात. ८ इंची एफ/१० श्मिट-कॅसेग्रेनवर मात्र पिक्सेल ०.६ विकलांवर येतो, ताऱ्याचा प्रकाश नको तितक्या पिक्सेलवर वाटला जातो आणि प्रत्येक पिक्सेल आपला रीड नॉइज, म्हणजे वाचतानाचा गोंगाट, घेऊन येतो. तिथे ०.६३ चा फोकल रिड्यूसर लावाच. २ बाय २ बिनिंगवर, म्हणजे शेजारचे चार पिक्सेल एकत्र करण्यावर, विसंबू नका. सीसीडीत बिनिंगने रीड नॉइज जसा घटतो तसा इथे घटत नाही, कारण बेरीज पिक्सेल वाचून झाल्यावर होते.

शटर ग्लोबल आहे. या कॅमेऱ्याच्या बाजूने जीपीएसच्या खालोखाल हाच मुद्दा. रोलिंग शटरच्या सेन्सरमध्ये ओळी एकामागून एक उघडतात, त्यामुळे तारा चौकटीत वर आहे की खाली यावर त्याची वेळ ठरते. ती दुरुस्ती गणिताने करता येते, पण मध्यरात्री माग घेताना तारा चाळीस ओळी खाली घसरला, की त्या गणिताचा भरवसा राहत नाही. ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि एकाच क्षणी मिटतात. एक्स्पोजर वाचनाच्या वेळेपेक्षा मोठं असेल, तर दोन फ्रेममधला मृतकाळही, म्हणजे प्रकाश नोंदला न जाणारा वेळ, जवळजवळ शून्य असतो. फ्रेम १२ बिटची मिळते. ८ बिटमध्ये वेग वाढतो, पण पिधानात त्या वेगाचा उपयोग नाही आणि अंधूक ताऱ्याच्या प्रकाशातल्या पायऱ्या हरवतात.

कॅमेऱ्याच्या मागे अँटेनाची जोडणी आहे आणि अँटेना सोबत येते. तिला आकाश मोकळं दिसलं पाहिजे. गाडीच्या आत, पत्र्याच्या शेडखाली किंवा उंच इमारतीला टेकून ठेवली, की लॉक, म्हणजे उपग्रहांशी जुळणी, लागतो, सुटतो, परत लागतो. लॉक लागल्याबरोबर घाईही करू नका. जीपीएसची मूळ वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांत आज १८ सेकंदांचा फरक आहे. हा आकडा उपग्रहांच्या संदेशातून येतो आणि संपूर्ण संदेश उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. बरेच दिवस बंद असलेला कोणताही जीपीएस रिसीव्हर सुरुवातीची काही मिनिटं नेमक्या पूर्ण सेकंदांनी चुकीची वेळ दाखवू शकतो. ही चूक फसवी असते, कारण दशांश बरोबर असतात आणि आलेख निर्दोष दिसतो. म्हणून अँटेना पिधानाच्या किमान अर्धा तास आधी मोकळ्यावर ठेवायची आणि स्क्रीनवरची वेळ फोनशी एकदा ताडून बघायची. फोन इथे फक्त सेकंदाचा आकडा तपासायला, दशांशासाठी नाही.

कॅमेरा चालवणाऱ्या शार्पकॅप या आज्ञावलीत जीपीएसची माहिती उघडली, की पीपीएस काउंटर नावाचा आकडा दिसतो. कॅमेऱ्यातलं स्पंदक जीपीएसच्या दोन सेकंद-ठोक्यांमध्ये किती स्पंदनं मोजतं, तो हा आकडा. तो एक कोटीच्या अगदी जवळ असायला हवा. तापमानानुसार थोडा इकडेतिकडे सरकला तर बिघडत नाही, पण भलताच दिसला किंवा उड्या मारू लागला, तर लॉक पक्का नाही असं समजा. नोंद सुरू असताना अधूनमधून याच आकड्याकडे नजर टाकायची.

बरेच जण गाळतात तो भाग कॅलिब्रेशनचा. कॅमेऱ्याच्या आत एक बारीक एलईडी आहे. एक्स्पोजरचा आरंभ आणि शेवट जीपीएसच्या घड्याळात नेमका कुठे पडतो, हे कॅमेऱ्याला तिच्याकरवी शिकवायचं असतं. दुर्बिणीवर झाकण घाला, एलईडी चालू करा. आधी आरंभाचं स्थान घ्या. आकडा मोठ्या पावलांनी हलवत जा, म्हणजे एका बाजूला चौकट उजळलेली आणि दुसऱ्या बाजूला काळी, अशी सीमा सापडेल. मग पावलं लहान करत ती सीमा जितकी अचूक पकडता येईल तितकी पकडा. एलईडीचा उजेड जिथे जेमतेम मावळतो, तिथे एक्स्पोजरची कड आहे. शेवटच्या स्थानासाठीही हेच करा. सवय झाली की दोन्ही मिळून पाच मिनिटांत होतं.

हे एकदा केलं की कायमचं झालं, असं नाही. एक्स्पोजर बदललं, चौकटीचा आकार बदलला, बिट बदलले, यूएसबी ट्रॅफिकची सेटिंग बदलली, यांतलं काहीही झालं तर कॅलिब्रेशन पुन्हा. ढग आले म्हणून ऐनवेळी १०० मिलिसेकंदांचं एक्स्पोजर २०० वर नेलं आणि कॅलिब्रेशन तसंच राहिलं, तर नोंदीवर जीपीएसचा शिक्का असतो आणि वेळ तरी चुकलेली असते. यावर साधा उपाय आहे. सेटिंग संध्याकाळीच ठरवा, १०० आणि २०० या दोन्हींचे आकडे काढून कागदावर लिहून ठेवा, म्हणजे अंधारात पुन्हा शोधावे लागणार नाहीत. आणि काम झालं की एलईडी बंद करा. ती चालू राहिली, तर सगळ्या फ्रेमवर धुरकट उजेड चढतो आणि अंधूक तारा त्यात बुडतो.

एक्स्पोजर किती ठेवायचं? याचं उत्तर कॅमेऱ्यापेक्षा वस्तूवर अवलंबून आहे. चारिक्लो या लघुग्रहाचं उदाहरण घ्या. अडीचशे किलोमीटरच्या या वस्तूभोवती दोन कडी आहेत, हे ३ जून २०१३ च्या पिधानात दक्षिण अमेरिकेतून कळलं. एक कडं साधारण सात किलोमीटर रुंद, दुसरं त्याच्या निम्मं आणि मध्ये नऊ किलोमीटरची फट. सावलीचा वेग होता सेकंदाला सुमारे २१ किलोमीटर, म्हणजे फट ओलांडायला अर्धा सेकंदही लागला नाही आणि अरुंद कडं सेकंदाच्या सहाव्या भागात निघून गेलं. चिलीतल्या ला सिया वेधशाळेतल्या १.५४ मीटरच्या डॅनिश दुर्बिणीवरचा कॅमेरा सेकंदाला दहा चित्रं घेत होता, म्हणून त्याला दोन कडी वेगळी दिसली. संथ कॅमेऱ्यांच्या नोंदीत त्यांचा मिळून एकच खड्डा उमटला.

उलट दिशेलाही मर्यादा आहे. चाळीस खगोलीय एककांवरच्या, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या चाळीसपट दूरच्या, वस्तूच्या सावलीची कड विवर्तनामुळे सव्वा किलोमीटरच्या आसपास धूसर होतेच. सेकंदाला बावीस किलोमीटर वेगात तो धूसरपणा ०.०६ सेकंद टिकतो. त्यामुळे ५० मिलिसेकंदांच्या खाली जाऊन सहसा हाती काही लागत नाही, फक्त गोंगाट वाढतो. सेन्सर पूर्ण चौकटीत सेकंदाला १३८ फ्रेम देऊ शकतो, हा जाहिरातीतला आकडा पिधानवाल्यांनी विसरून जावा. ८ इंची दुर्बीण, काळं आकाश आणि १०० मिलिसेकंदांचं एक्स्पोजर असेल, तर १२.५ प्रतीचा तारा कामापुरता स्वच्छ मिळतो (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक). १३ व्या प्रतीला ओढाताण होते आणि त्यापुढे २०० ते ४०० मिलिसेकंदांवर जावं लागतं. पुण्या-मुंबईच्या उजेडात यातून एक-दीड प्रत वजा करा. दिलासा असा, की नेपच्यूनपलीकडचा क्वावार किंवा चारिक्लो स्वतः १८ व्या प्रतीच्याही पलीकडचे. त्यामुळे तारा मंदावण्याचा प्रश्नच नसतो, तो पुरता नाहीसा होतो आणि अर्धवट घट ओळखण्याची कसरत करावी लागत नाही.

गेन, म्हणजे संकेत वाढवण्याचं प्रमाण, इतका ठेवा, की ताऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल कमाल मर्यादेच्या निम्म्याच्या वर जाणार नाही. हवा स्थिर झाली की तारा एका पिक्सेलवर गोळा होतो आणि तेव्हा ही मोकळी जागा उपयोगी पडते. गॅमाला हात लावू नका. स्क्रीनवर चित्र उजळ दिसावं म्हणून केलेलं स्ट्रेच नोंदीत जात नाही, त्यामुळे ते बिनधास्त वापरा.

थंडकरणाबद्दल थोडं वेगळं मत आहे. कॅमेरा बाहेरच्या हवेपेक्षा चाळीसएक अंश खाली जाऊ शकतो, पण दशांश सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये डार्क करंट, म्हणजे उष्णतेमुळे सेन्सरमध्ये साठणारा खोटा संकेत, नगण्य असतो. कोकणच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत उणे वीसचा हट्ट धरला, तर काचेवर दव किंवा हिम धरण्याचा धोका पत्करल्यासारखं होतं. शून्य ते पाच अंश पुष्कळ झालं, बॅटरीही वाचते. या सेन्सरला लांब एक्स्पोजरमध्ये कोपऱ्यांत उजेडाची झाक येते आणि जास्त गेनवर उभ्या पट्ट्या दिसतात. पिधानात पहिल्याचा त्रास नाही. दुसऱ्यासाठी त्याच सेटिंगच्या शंभर-दोनशे डार्क फ्रेम झाकण लावून घेऊन ठेवायच्या.

नोंद एफआयटीएस स्वरूपात करा. प्रत्येक फ्रेमच्या शीर्षभागात जीपीएसची आरंभाची आणि शेवटची वेळ जाते, आणि पायमूव्ही किंवा टँग्रा या पिधानाचं विश्लेषण करणाऱ्या दोन्ही आज्ञावल्या ती फाइल उघडतात. एव्हीआयमध्ये फ्रेमनिहाय वेळ जात नाही, म्हणजे जीपीएस असून नसल्यासारखा. पूर्ण चौकटीची एक फ्रेम ४.६ एमबीची होते, सेकंदाला दहा म्हणजे ४६ एमबी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फ्रेम गळायला लागतात, तेव्हा एसएसडी हवीच. त्या फोल्डरपुरती अँटिव्हायरसची तपासणी आणि विंडोजमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. केबल थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावा, हब मध्ये नको. चौकट ९६० बाय ६०० केली की माहिती चौथाईवर येते, फक्त तुलनेचे तारे आत राहतील एवढं बघा. तुलनेचा तारा असला, की घट ढगामुळे झाली की पिधानामुळे, हे लगेच कळतं. तो नसेल तर ती नोंद कुणी फारशी विश्वासाने घेणार नाही.

किती वेळ नोंद करायची, यात अनेक जण कंजुषी करतात. क्वावारचा व्यास अकराशे किलोमीटरच्या घरात आहे, पण त्याचं बाहेरचं कडं केंद्रापासून सुमारे ४१०० किलोमीटरवर आहे, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या शोधात ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदीही होत्या. सेकंदाला वीस किलोमीटर धरले, तर कडं मुख्य पिधानाच्या जवळजवळ साडेतीन मिनिटं आधी येतं आणि तितकंच नंतर. बहुतेक भागात ते इतकं विरळ आहे, की ८ इंची दुर्बिणीला सहसा कळणार नाही. तरी अशा वस्तूंसाठी मध्याच्या आधी आणि नंतर किमान सहा-सात मिनिटं नोंद चालू ठेवा. पूर्ण चौकटीत ते छत्तीसएक जीबी भरतं, चौथाई चौकटीत नऊ.

महाराष्ट्रातून बघणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की क्वावारची प्रतियुती, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असण्याची वेळ, जूनमध्ये येते, ऐन पावसाच्या तोंडावर. त्यामुळे त्याची पिधानं एप्रिल-मेच्या मध्यरात्रीनंतर गाठावी लागतात. हौमिया आणि माकेमाके या नेपच्यूनपलीकडच्या वस्तू मात्र मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर उंच असतात आणि तेव्हा आकाशही साथ देतं. सावली कुठून जाणार याचे अंदाज ऑकल्ट वॉचर या आज्ञावलीवर आणि पॅरिस वेधशाळेच्या लकी स्टार प्रकल्पाकडे मिळतात. पट्ट्याच्या कडेची अनिश्चितता वाचल्याशिवाय प्रवासाला निघू नका. सावलीपट्ट्याच्या जरा बाहेर पडलेला निरीक्षकही उपयोगाचा असतो, कारण तारा विझला नाही ही नोंद वस्तूच्या आकाराला बाहेरून लगाम घालते.

पर्याय काय आहेत? जुना आणि आजही चालणारा मार्ग म्हणजे वॅटेक ९१०चा व्हिडिओ कॅमेरा, आयोटा-व्हीटीआय हा वेळ छापणारा डबा आणि लॅपटॉपला जोडायचं फ्रेम ग्रॅबर. हा डबा चित्राच्या प्रत्येक फील्डवर (व्हिडिओच्या अर्ध्या फ्रेमवर) जीपीएसची वेळ थेट लिहितो, त्यामुळे एलईडीच्या कॅलिब्रेशनची भानगड नाही. जोडा आणि सुरू करा. शाळेच्या किंवा मंडळाच्या शिबिरात नवख्यांच्या हाती द्यायला तो संच अजूनही सोपा पडतो. तोटे असे, की चित्र ८ बिटचं, एक्स्पोजर दुपटीच्या पायऱ्यांनीच वाढतं, कॅमेऱ्याच्या आतला विलंब तक्त्यावरून वजा करावा लागतो, आणि सुटे भाग जास्त म्हणून केबलही जास्त. अंधूक ताऱ्यांवर क्यूएचवाय स्पष्टपणे पुढे आहे.

गैरसोयी सांगायच्या तर पहिली अर्थातच किंमत. परदेशातून मागवला की त्यावर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी चढतो. दुसरी, विंडोजवर अवलंबून राहावं लागतं. तिसरी, चूक झाली तर कॅमेरा ओरडून सांगत नाही. कॅलिब्रेशन जुनं असलं तरी फाइलमध्ये जीपीएसची वेळ दिमाखात लिहिलेली असते. विश्लेषणातही एक खड्डा आहे. शीर्षभागातली वेळ एक्स्पोजरच्या आरंभाची धरली की मध्याची, हे आज्ञावलीत तपासा. १०० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये हा गोंधळ झाला, तर ०.०५ सेकंद, म्हणजे एक किलोमीटरची चूक नोंदीत कायमची शिरते.

विकत घेतल्यावर पहिला पडताळा घरच्या गच्चीवर करा. जीपीएसच्या सेकंद-ठोक्यावर चमकणारी स्वतंत्र एलईडी दुर्बिणीसमोर धरा, कॅलिब्रेशन करून दोन मिनिटं नोंद घ्या आणि पायमूव्हीत प्रकाशाचा आलेख काढा. एलईडी पूर्ण सेकंदावर पेटते, त्यामुळे ज्या फ्रेममध्ये ती अर्धवट उजळलेली दिसेल तिच्यातला उजेडाचा वाटा मोजून पेटण्याचा क्षण काढता येतो. तो दरवेळी पूर्ण सेकंदावर, काही मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा. सगळीकडे सारखाच फरक दिसला, तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. फरक कमी-जास्त होत असेल, तर आधी अँटेनाची जागा बदला. मग एक्स्पोजर २०० वर नेऊन हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही वेळचे आकडे कॅमेऱ्याच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा.